नॉवूची 'मॉर्मन आणि मेसन' व्हॅन टूर: गाइडला पाच स्टार, सँडविचला अर्धा

आधीच सांगून टाकते, टूरवाल्याचं नाव लिहिणार नाहीये. खाली दोन-तीन तक्रारी आहेत आणि तो सगळा धंदा म्हणजे एक रिटायर्ड इतिहासाचा मास्तर, त्याची एक व्हॅन आणि फोनवर बुकिंग घेणारी त्याची बायको, संपलं. एका सँडविचपायी कुणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा. पण टूर लिहिण्यासारखी आहे आणि मराठीत यावर कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून हा लांबलचक रिव्ह्यू, चहा घेऊन बसा.

आम्ही आयोवात सीडर रॅपिड्सला राहतो. आई-बाबा डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आलेत. बाबा बँकेत होते, नोकरीची बरीच वर्षं फोर्टात गेली, आणि दादाभाई नौरोजी रोडवरच्या त्या फ्रीमेसन्स हॉलवरून (फ्रीमेसन किंवा नुसतं मेसन म्हणजे गुप्ततेची शपथ घेणारी पुरुषांची एक जुनी बंधुसंघटना) रोज चालत स्टेशनला जायचे पण आत पाऊल कधी टाकलं नाही. आत कवट्या ठेवतात, रात्री काहीतरी चालतं, वगैरे ऑफिसातल्या गप्पा. इथे आल्यावर त्यांना कळलं की सीडर रॅपिड्समध्येच मेसन लोकांची भली मोठी लायब्ररी आणि म्युझियम आहे आणि कुणीही आत जाऊ शकतं, मग काय, आठवड्यातून दोनदा तिथे मुक्काम. ॲप्रन बघून आले, तलवारी बघून आले, गवंड्याची ती अवजारं, म्हणजे गुण्या, ओळंबा, कर्कटक, त्याचे अर्थ समजून घेऊन आले आणि घरी आम्हाला लेक्चर. आईनं एकदाच विचारलं, गवंड्यांची युनियन आहे का ही? बाबा म्हणाले, होती बहुतेक, आता गवंडी सोडून सगळे आहेत.

तर तिथून त्यांच्या डोक्यात हा किडा शिरला की मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ मेसन होता म्हणे, आणि त्यांच्या देवळातले विधी लॉजमधून, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखेतून, उचललेत म्हणे. आमच्या शेजारी एक मॉर्मन कुटुंब आहे, अतिशय सज्जन माणसं, बर्फ पडला की आमचा पण ड्राइव्हवे साफ करून जातात. बाबा थेट त्यांनाच विचारायला निघाले होते. मी हात जोडले. म्हटलं मी तुम्हाला जिथे हे सगळं घडलं तिथेच नेते, पण शेजाऱ्यांना सोडा.

नॉवू आमच्यापासून दोन-सव्वादोन तास. मिसिसिपी नदी तिथे मोठं वळण घेते आणि त्या वळणाच्या पोटात इलिनॉयच्या बाजूला हे गाव. आज वस्ती हजाराच्या आसपास, पण १८४० च्या दशकात इथे बारा हजारांच्या घरात मॉर्मन राहायचे. मिसूरीतून हाकलून दिल्यावर, म्हणजे तिथल्या गव्हर्नरनं १८३८ मध्ये चक्क फर्मान काढलं होतं, ही मंडळी नदीकाठच्या दलदलीत आली आणि सात वर्षांत शहर उभं केलं. त्यानंतर तिथूनही जावं लागलं.

आता पैशाचं. टूर माणशी साठ डॉलर, पासष्टच्या वर पन्नास, सकाळी नऊ ते दुपारी तीन, लंच धरून. महत्त्वाची गोष्ट ही की नॉवूतली बहुतेक सगळी ऐतिहासिक घरं, बेकरी, लोहारकाम, घोडागाडी हे सगळं मॉर्मन चर्चतर्फे फुकट दाखवतात, मिशनरी आजी-आजोबा आणि तरुण मुली इतक्या प्रेमानं बोलतात की आईला तिथेच राहावंसं वाटायला लागलं. जिंजरब्रेड कुकी देतात, घोड्याच्या नालेच्या खिळ्याची अंगठी देतात, छोटी वीट देतात. मग साठ डॉलर कशाला द्यायचे, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं होतं (तो आला नाही, ऑन-कॉल होता, असं तो म्हणतो). उत्तर सोपं आहे, चर्चची टूर श्रद्धेची आहे आणि ते बरोबरच आहे, पंढरपूरला गेल्यावर कुणी विठ्ठलाच्या मूर्तीच्या कालनिर्णयावर लेक्चर देत नाही. आम्हाला नेमका एकच धागा धरून फिरवणारा माणूस हवा होता आणि तो मिळाला.

गाइड काका सत्तरीचे, सस्पेंडर लावलेले, पहिलंच वाक्य असं की मी मॉर्मन नाही, मेसन पण नाही, मेथडिस्ट (वेगळा ख्रिस्ती पंथ) आहे, त्यामुळे दोन्हीकडचे लोक माझ्यावर सारखेच नाराज असतात. बाबा खूश. बाबांनी लगेच आपला प्रश्न टाकला, होता की नव्हता? काका म्हणाले होता, तारखेसकट होता, ते कुणीच नाकारत नाही, चर्च सुद्धा नाही. पण तो प्रश्न पाच सेकंदात संपतो, तुमचे सहा तास मी दुसऱ्या प्रश्नावर घालवणार आहे. आणि मग व्हॅन नदीकाठी उभी करून थेट १८२६ सालात गेले.

मला हे फार आवडलं, कारण मी आदल्या रात्री फोनवर जे काय वाचलं होतं ते सगळं १८४२ पासून सुरू होत होतं. १८२६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बटाविया गावच्या विल्यम मॉर्गन नावाच्या माणसानं मेसन लोकांची गुपितं छापतो अशी धमकी दिली. त्याला किरकोळ कर्जापायी कॅनन्डेग्वाच्या तुरुंगात टाकलं, तिथून काही लोकांनी त्याला घोडागाडीत घालून नेलं, आणि तो परत कुणाला दिसलाच नाही. त्यावरून एवढा गदारोळ झाला की लॉजच्या लॉज बंद पडली आणि मेसनविरोधी असा एक अख्खा राजकीय पक्ष निघाला, १८३२ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत त्यांनी व्हरमाँट राज्य जिंकलं सुद्धा. जोसेफ स्मिथचा जन्म व्हरमाँटचा, १८०५ चा, आणि मॉर्गन गायब झाला तेव्हा तो वीस वर्षांचा पोरगा त्याच भागात, पाल्मायराजवळ शेतावर राबत होता. १८३० मध्ये त्यानं जो मॉर्मन ग्रंथ छापला त्यात गुप्त शपथा घेऊन खून-दरोडे करणाऱ्या टोळ्यांवर जोरदार टीका आहे, आणि त्या काळात वाचणाऱ्या बऱ्याच जणांनी ती सरळ मेसनवरची टीका म्हणूनच वाचली. आणि घरात बघावं तर थोरला भाऊ हायरम पाल्मायराच्या लॉजचा मेंबर! एका घरात दोन पक्ष आपल्याकडेही असतात म्हणा.

काकांनी अजून एक गोष्ट सांगितली ती ऐकून आई पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवून बसली. त्या मॉर्गनची बायको लुसिंडा, तिनं पुढे दुसरं लग्न केलं, नवरा-बायको दोघं मॉर्मन झाले, आणि जोसेफ स्मिथच्या अनेक बायकांची जी यादी बरेच इतिहासकार देतात त्यात तिचं नाव येतं. म्हणजे मेसनची गुपितं फोडणाऱ्याची विधवा त्या माणसाकडे जो पुढे स्वतः मेसन होणार. आई म्हणाली, एकाला मेसननी उचलून नेलं आणि दुसऱ्याला जमावानं मारलं, काय तिचं नशीब बाई. काकांना मी भाषांतर करून सांगितलं तर ते म्हणाले तीस वर्षं शिकवतोय, हे मला सुचलं नव्हतं.

मग मेन स्ट्रीटवरची ती तीन मजली विटांची इमारत, आता कल्चरल हॉल म्हणतात, मूळची मेसॉनिक हॉल. आत आता स्टेज आहे, नाटकं-गाणी होतात, आणि ते काही नवीन नाही, १८४४ मध्ये सुद्धा इथे नाटक झालं होतं आणि ब्रिगहॅम यंगनं, म्हणजे जो पुढे सगळ्यांना युटाला घेऊन गेला त्यानं, पेरू देशाच्या मुख्य पुजाऱ्याचं काम केलं होतं. आत चर्चच्या एक मिशनरी आजी होत्या, त्यांना बाबांनी (मी डोळे वटारले तरी) विचारलंच, तर त्या अजिबात बिचकल्या नाहीत, हो, जोसेफ मेसन होते, हायरम होते, इथले बरेच पुरुष होते, आणि ही इमारत त्यांनीच बांधली. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला, गुपित फोडायला गेले आणि समोरच्यानं दार उघडंच ठेवलेलं.

इथे काकांनी बाहेर झाडाखाली फोल्डिंग खुर्च्या मांडल्या (हे चांगलं आहे, म्हाताऱ्या माणसांचा विचार केलाय) आणि तारखा सांगितल्या. ऑक्टोबर १८४१ मध्ये इलिनॉयचा ग्रँड मास्टर, म्हणजे राज्यातल्या सगळ्या मेसनांचा प्रमुख, एब्राहम जोनस यानं नॉवूला लॉज काढायची परवानगी दिली, जवळच्या क्विन्सी गावच्या लॉजचा विरोध होता तरी. हा जोनस ज्यू होता, इंग्लंडात जन्मलेला, लिंकनचा मित्र, आणि राजकारणातला माणूस. नॉवूची मतं गठ्ठ्यानं पडायची. बाबा तेवढ्यात मराठीत म्हणाले, व्होट बँक. तो शब्द इंग्लिशच असल्यामुळे काकांना कळला आणि ते मोठ्यानं हसले, म्हणाले इतिहासकार हेच म्हणतात, फक्त जास्त पानं घेऊन.

१५ मार्च १८४२ ला जोनस स्वतः आला, मिरवणूक निघाली, लॉजची स्थापना झाली, त्याच संध्याकाळी जोसेफ स्मिथला पहिली पायरी दिली आणि दुसऱ्या दिवशी १६ तारखेला दुसरी आणि तिसरी, म्हणजे दोन दिवसांत थेट मास्टर मेसन. एरवी पायऱ्यांमध्ये काही आठवडे जातात, परीक्षा द्यावी लागते, पण ग्रँड मास्टरला असं एका दमात करायचा अधिकार होता आणि त्यानं तो वापरला. व्हीआयपी दर्शनाची रांग जगात सगळीकडे आहे बघा.

आणि १७ मार्चला, म्हणजे बरोबर पुढच्या दिवशी, जोसेफच्या दुकानाच्या माडीवर बायकांची रिलीफ सोसायटी स्थापन झाली, अध्यक्ष त्याची बायको एम्मा. ती संस्था आजही आहे, प्रचंड मोठी आहे. आणि त्यानंतर ४ मे १८४२, त्याच माडीवर, नऊ पुरुषांना बोलावून जोसेफनं पहिल्यांदा तो देवळातला विधी दिला ज्याला एंडाउमेंट म्हणतात. त्या नऊपैकी बहुतेक मेसन. १६ मार्च ते ४ मे, फक्त सात आठवडे.

काका म्हणाले, हाच माझा दुसरा प्रश्न, या सात आठवड्यांत काय झालं?

इथपासून लंचपर्यंतचा दीड तास म्हणजे या टूरचे पैसे वसूल. दुकान, म्हणजे रेड ब्रिक स्टोअर, मूळचं १८९० मध्येच पाडलेलं, आता उभं आहे ते १९८० मध्ये परत बांधलेलं. २०२४ पर्यंत ते दुसऱ्याच चर्चकडे होतं, जोसेफच्या मागं जे युटाला गेले नाहीत त्यांच्या शाखेकडे, मग मार्च २०२४ मध्ये युटावाल्या चर्चनं ओहायोतलं कर्टलंडचं देऊळ, नॉवूतल्या जोसेफशी जोडलेल्या वास्तू आणि जुनी कागदपत्रं असं सगळं मिळून १९ कोटी २५ लाख डॉलरला विकत घेतलं. बाबांनी लगेच रुपयात हिशोब करून मान हलवली. माडीवर जायला जिना अरुंद आहे, गुडघेवाल्यांनी लक्षात घ्या, आई खालीच बसली. वर एक साधी लांब खोली, खिडक्या, बास. एवढ्याशा जागेत हे सगळं सुरू झालं यावर विश्वास बसत नाही.

काकांनी आधी सारखेपणा सांगितला, काही झाकलं नाही. दोन्हीकडे पायऱ्यापायऱ्यांनी दीक्षा, दोन्हीकडे ॲप्रन, विशिष्ट पद्धतीनं हात धरणं, खुणा, नवीन नाव, नाट्यरूपानं सांगितलेली गोष्ट, गुप्ततेची शपथ, आणि शपथ मोडली तर काय होईल त्या शिक्षांचे हावभाव सुद्धा, जे चर्चनं १९९० मध्ये काढून टाकले. हे बघून कुणाला नक्कल वाटली तर त्यात नवल नाही. पण मग लगेच दुसरी बाजू. देवळात अंग धुऊन तेल लावायचा विधी कर्टलंडला १८३६ मध्येच सुरू होता आणि मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा १८४० पासून, म्हणजे मेसनगिरीच्या आधी. लॉजमधली गोष्ट बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या देवळाच्या कारागिराची, हिरामची, आणि एंडाउमेंटमधली गोष्ट सृष्टीच्या उत्पत्तीची, आदम आणि ईव्हची. मेसन होऊन कुणाला मोक्ष मिळतो असं मेसन म्हणत नाहीत, मॉर्मनांसाठी तो विधी म्हणजे देवाशी केलेला करार. आणि सगळ्यात मोठा फरक, लॉजमध्ये बायकांना प्रवेश नव्हता, आणि इथे पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, एम्मापासून सुरुवात करून बायकांनाही तोच विधी दिला गेला. हे ऐकून मी खाली जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, मग मेसनांपेक्षा बरा की.

पण मला स्वतःला पटलं ते काकांचं तिसरं म्हणणं. त्या काळात बहुतेक मेसनांचा मनापासून विश्वास होता की आपले विधी सॉलोमनच्या देवळापासून चालत आलेत. आज इतिहासकार तसं मानत नाहीत, संघटित फ्रीमेसनरी म्हणजे १७१७ चं लंडन आणि त्याच्या आधीच्या गवंड्यांच्या संघटना, पण १८४२ च्या इलिनॉयमध्ये हे कोणाला माहीत होतं. आता अशा माणसाचा विचार करा जो बारा वर्षं सांगतोय की मी प्राचीन, हरवलेलं, मोडून पडलेलं परत उभं करतोय. त्याला कोणी एका खोलीत नेऊन सांगितलं की हे घे, हे थेट सॉलोमनच्या देवळातलं आहे, तर तो काय करेल? तो म्हणेल मूळ माझ्याकडे आहे, तुमच्याकडे त्याचे तुकडे राहिलेत. आणि झालंही तसंच. त्याच्या जवळच्या हीबर किंबॉलनं जून १८४२ मध्ये पत्रात लिहिलंय की जोसेफ म्हणतो मेसनरी मूळ पुरोहितपदावरूनच निघाली पण पुढे बिघडली. म्हणजे त्याच्या स्वतःच्या मनात ते 'उचललं' नव्हतंच, दुरुस्त केलं होतं. याला चोरी म्हणा की साक्षात्कार म्हणा, ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर आहे, पण त्याला लपवाछपवी मात्र म्हणता येत नाही, कारण त्यानं ती गोष्ट ज्यांना दिली ते स्वतःच मेसन होते, त्यांना काय सारखं आहे ते खोलीत बसल्या बसल्या दिसत असणारच.

बाबा माडीवरच्या खिडकीपाशी उभं राहून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, भजनाची चाल नाटकातनं घेतली म्हणून भजन खोटं होत नाही. हे मी काकांना नीट भाषांतर करून देऊ शकले नाही, प्रयत्न केला, नाट्यसंगीत समजावण्यातच पाच मिनिटं गेली.

बाबांनी पण मग आपला पत्ता टाकला. काकांना विचारलं, विवेकानंद माहीत आहेत का? काकांना शिकागोच्या १८९३ च्या भाषणाबद्दल थोडं माहीत होतं. बाबा म्हणाले ते पण मेसन होते, १८८४ मध्ये कलकत्त्याच्या अँकर अँड होप लॉजमध्ये, तेव्हा नरेंद्रनाथ दत्त, वय एकवीस, आणि त्यांनी पुढे रामकृष्ण मिशन काढलं. काकांनी खिशातली वही काढून लिहून घेतलं! मग बाबांनी सांगितलं की नरेंद्रनाथ तेव्हा तरुण पोरगा होता, संन्यास नंतरचा, आणि मिशनच्या विधींत लॉजचं काही आलं असं दिसत नाही, तर संबंध असणं वेगळं आणि संबंधानं काही घडणं वेगळं. काका म्हणाले हे वाक्य मी पुढच्या टूरला वापरणार. बाबा दिवसभर फुगलेले.

लंच. अरे देवा. बुकिंग करताना मी दोनदा सांगितलं होतं की दोन व्हेजिटेरियन आहेत, फोनवर हो-हो झालं, आणि पाकिटात निघालं टर्की सँडविच. मग काकांनी ओशाळून टर्की काढून दिली, म्हणजे ब्रेड, चीजची एक चकती आणि टर्कीचा वास. आईनं ते हातात पण घेतलं नाही. नशीब मी थेपले आणि लिंबाचं लोणचं घेतलं होतं, काकांनी पण दोन खाल्ले आणि रेसिपी विचारली. पण साठ डॉलरमध्ये लंच धरलंय म्हटल्यावर हे चालणार नाही. दुसरं, व्हॅनचा एसी मागच्या सीटपर्यंत पोचतच नाही, जुलैमध्ये गेलात तर पुढची सीट आधी पकडा. तिसरं, गळ्यातलं जे स्पीकर-माइक यंत्र आहे ते सारखं खरखरतं, आणि काकांना ते बंद करून बोलायचं सुचत नाही, शेवटी बाबांनीच बटण बंद केलं.

दुपारचा पहिला भाग पण जरा ढिला आहे. टेकडीवरचं देऊळ बाहेरून दाखवतात (आत फक्त चर्चच्या पात्र सभासदांना जाता येतं, बागेत कुणीही फिरा). मूळ देऊळ १८४८ मध्ये कुणीतरी जाळलं, उरलेलं १८५० च्या वादळात पडलं, आणि आत्ताचं २००२ मध्ये त्याच जागी उभं केलंय. चेहरा असलेले सूर्य कोरलेले दगड आहेत, खाली चंद्र, वर तारे, यातलं मूळचं एक सूर्यदगड वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. तिथे काका चिन्हांमागे जरा जास्तच लागले, हा तारा मेसनांचा, तो डोळा मेसनांचा. मला हे ताणलेलं वाटलं, कारण त्या काळात अमेरिकेत सूर्य-चंद्र-डोळे नोटांपासून थडग्यांपर्यंत सगळीकडे होते, आणि सकाळी इतकं तोलून बोलणारा माणूस दुपारी यूट्यूबवाल्यांसारखा का बोलायला लागला कळेना. कदाचित सँडविचचा परिणाम.

लॉजचं पुढे काय झालं ते मात्र रंगवून सांगितलं. पाच महिन्यांत २८६ जणांना दीक्षा! क्विन्सीवाल्यांनी तक्रार केली की हे नियम धाब्यावर बसवून घाऊक भरती करतायत, ऑगस्ट १८४२ मध्ये लॉजवर स्थगिती, मग उठली, मग आणखी लॉज निघाली, नदीपलीकडे आयोवात माँट्रोजला पण एक, रायझिंग सन नावाचं. राज्यातले बाकीचे मेसन एकत्र केले तरी नॉवूचे जास्त भरतील अशी वेळ आली. ऑक्टोबर १८४३ मध्ये ग्रँड लॉजनं, म्हणजे राज्यातल्या सगळ्या लॉजच्या वरच्या संस्थेनं, सगळ्या परवानग्या काढून घेतल्या, नॉवूवाल्यांनी ऐकलं नाही, उलट एप्रिल १८४४ मध्ये हा हॉल थाटात सुरू केला. बाबा म्हणाले त्याच १८४३ च्या डिसेंबरात मुंबईत पारशांसाठी वगैरे लॉज निघालं, रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया, कारण माणेकजी करसेटजींना गोऱ्या लॉजनं घेतलं नव्हतं. म्हणजे एकाच वर्षी इथे मेसनांनी मॉर्मनांना बाहेर काढलं आणि तिकडे नेटिवांना आत घेतलं, बंधुभाव म्हणतात तो कोणासाठी हा प्रश्न दोन्हीकडे एकच. युटातल्या मेसनांनी तर मॉर्मनांना घ्यायचं नाही हा नियम १९८४ पर्यंत ठेवला होता, चर्चची उलट कुठलीही बंदी नाही.

शेवटचा थांबा कार्थेजचा तुरुंग, वीस-पंचवीस मैलांवर. इथे काका स्वतः बोलत नाहीत, चर्चच्या मुली सांगतात, आणि काकांनी आधीच बजावलं होतं की आत प्रश्न विचारू नका, ही त्यांच्यासाठी हुतात्म्याची जागा आहे. हे मला खूप आवडलं. वरच्या मजल्यावरची खोली, गोळीचं भोक असलेलं दार, खिडकी. २७ जून १८४४ ला तोंडाला काळं फासून आलेल्या जमावानं हायरमला आणि जोसेफला इथे मारलं. जोसेफ खिडकीशी गेला, 'हे प्रभू, माझ्या देवा' एवढं ओरडला आणि खाली पडला.

बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर काकांनी सांगितलं की संकटात सापडलेल्या मेसननं मदतीसाठी मारायची हाक त्याच शब्दांनी सुरू होते, पुढे 'विधवेच्या मुलाला कोणीच वाली नाही का' असं येतं, आणि ती ऐकणाऱ्या मेसननं धावून जायचं असतं. तीन आठवड्यांच्या आत मॉर्मनांच्या स्वतःच्या पेपरात छापून आलं की दोघा भावांनी मेसनांची संकटाची खूण केली होती आणि तरी कुणी आलं नाही. जमावात मेसनही होते असं मॉर्मन लोक पुढे म्हणत राहिले. आता ती हाक होती की मरणाऱ्या माणसाची प्रार्थना, हे कोण सांगणार, शब्द दोन्हीचे तेच. १९७४ मध्ये नॉवूतच रीड डरहॅम नावाच्या मॉर्मन इतिहासकारानं, जो त्यांच्या इतिहास परिषदेचा अध्यक्ष होता, या सगळ्यावर उघड भाषण दिलं तर केवढं वादळ झालं, आणि आज तेच विषय चर्च आपल्या वेबसाइटवर स्वतः मांडतं. काकांनी एवढंच सांगून व्हॅन सुरू केली, आणि परतीचे पंचवीस मैल कोणी फारसं बोललं नाही, आईनं फक्त पाणी विचारलं.

तर कोणी जावं. ज्यांना एका संध्याकाळी 'गुप्त सत्य' हवंय त्यांनी जाऊ नका, इथे सगळं दारं उघडी ठेवून सांगतात आणि मजा जाते. लहान मुलं असतील तर फुकटवाली घोडागाडी आणि बेकरी बघा, ही टूर नको, सहा तास तारखा ऐकवतील. मॉर्मन मित्र बरोबर असेल तर आधी त्याला विचारा, काका आदरानं बोलतात पण देवळाच्या विधीबद्दल बाहेर बोललेलं काहींना आवडत नाही आणि ते समजून घ्यायला हवं. बाकी इतिहासाची आवड असलेले आई-बाबा घरी आले असतील तर डोळे झाकून बुक करा, फक्त डबा घरून न्या. टीप मी वीस डॉलर दिली, बाबांनी वरून दहा.

शेजाऱ्यांना बाबांनी दुसऱ्या दिवशी विचारलंच, मी नव्हते. तो माणूस म्हणाला म्हणे, हो, माहितेय, माझे आजोबा पण दोन्ही होते. आणि मग दोघं तासभर ड्राइव्हवेत उभे राहून बोलत होते, बाबा नॉवूची ती छोटी वीट हातात घेऊन.

टूरला चार स्टार. एसी दुरुस्त केला तर साडेचार.